मनुष्यबळावर उडणारे विमान: पंखाच्या तारा ठेवाव्यात की काढाव्यात?

रानवारा

मनुष्यबळावर उडणाऱ्या विमानांविषयी येथे अधूनमधून विचारणा होते आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न ‘एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) कोणता घ्यावा’ हाच असतो. माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पंखाचा विस्तार (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी) किती, वेग किती आणि पंख तारांनी ताणून धरायचा की स्वतःच्या बळावर उभा ठेवायचा, या तीन गोष्टी त्याआधी आणि एकत्रच ठरवाव्या लागतात, कारण त्यांपैकी एकीला हात लावला की उरलेल्या दोन्ही बदलतात. माझे मत सुरुवातीलाच मांडतो: पहिलेच विमान बांधणाऱ्या गटाने पंख मोठा घ्यावा, वेग कमी ठेवावा आणि तारा काढू नयेत.

हिशेब वैमानिकाच्या शक्तीपासून सुरू करावा. चांगल्या तयारीचा सायकलपटू काही तास सलग, स्वतःच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३ वॅट देऊ शकतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाकडून सुमारे २०० वॅट मिळतात. साखळी, गिअर आणि प्रोपेलर यांत दहा ते पंधरा टक्के जातात. हवेशी झुंजायला उरतात ते १७०-१८० वॅट, आणि उड्डाणाला लागणारी शक्ती म्हणजे ड्रॅग (हवेचा विरोध) गुणिले वेग.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ‘डेडलस’ विमानाचे उदाहरण घेऊ. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपुलोस यांनी हे विमान क्रीटमधील इराक्लिओनहून सांतोरिनीपर्यंत, सुमारे ११५ किलोमीटर, ३ तास ५४ मिनिटांत पायडल मारत नेले. पंखाचा विस्तार ३४ मीटर आणि रिकामे वजन ३१ किलो. वैमानिकासह वजन १०४ किलो आणि वेग सेकंदाला ७ मीटर धरला, तर लिफ्ट (विमान वर उचलणारे बल) निर्माण करण्याची किंमत म्हणून जो इंड्यूस्ड ड्रॅग सोसावा लागतो, तो सुमारे १० न्यूटन येतो. त्यासाठी ७० वॅट खर्च होतात. हा ड्रॅग विस्ताराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तेच वजन आणि तोच वेग ठेवून विस्तार ३४ ऐवजी २४ मीटर केला, तर ७० चे १४० वॅट होतात आणि पंखाचे घर्षण, वैमानिकाची कोठडी, शेपूट, तारा या सगळ्यांसाठी मिळून जेमतेम ३०-४० वॅट उरतात. तेवढ्यात विमान उडत नाही. जगातला उत्तमातला उत्तम एअरफॉइल आणला तरी ही तूट भरून निघत नाही.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटनमधील उद्योजक हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये मनुष्यबळावरील उड्डाणासाठी आपले पारितोषिक जाहीर केले. अर्ध्या मैलाच्या अंतरावरील दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फेरी मारावी आणि सुरुवातीला व शेवटी १० फूट उंची ओलांडावी, अशी त्याची अट होती. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी साउदम्प्टन विद्यापीठाचे ‘सम्पॅक’ लॅशम येथे डेरेक पिगट यांच्या पायांवर ६४ मीटर उडाले. पाठोपाठ हॅटफील्डचे ‘पफिन’ आले आणि १९६२ मध्ये जॉन विम्पेनी यांनी त्यातून ९०८ मीटर अंतर कापले. या दोन्ही विमानांची बांधणी अतिशय देखणी होती. बाल्सा लाकडाच्या नाजूक कामाने भरलेले ते पंख एखाद्या उत्तम ग्लायडरच्या वळणाचे होते, परंतु विमान आपटले की दुरुस्तीला महिने जात.

अमेरिकी अभियंते पॉल मॅक्रेडी यांनी प्रश्न उलट बाजूने पाहिला. वजन तेच ठेवून हँग ग्लायडरची (ज्याखाली माणूस लटकून उडतो त्या हलक्या पंखाची) प्रत्येक लांबी तिप्पट केली, तर क्षेत्रफळ नऊपट होते, उडण्यास पुरेसा वेग एक तृतीयांशावर येतो, ड्रॅग तेवढाच राहतो आणि लागणारी शक्ती एक तृतीयांश होते. अट एवढीच की वजन वाढता कामा नये, आणि ते वाढू न देण्याचा उपाय म्हणजे तारा. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, पियानोची तार आणि पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म यांतून ‘गोसामर काँडर’ उभे राहिले: विस्तार सुमारे २९ मीटर, रिकामे वजन सुमारे ३२ किलो. ते वारंवार मोडे, परंतु नळीला जोड देऊन, फिल्म चिकटवून लवकरच पुन्हा उडत असे. २३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील शाफ्टर येथे ब्रायन ॲलन यांनी ती आठची फेरी पूर्ण केली. चांगल्या निर्णयांपेक्षाही लवकर दुरुस्त होणाऱ्या निर्णयांनी त्या गटाला पुढे नेले, असे मला वाटते.

कार्बनतंतू

रानवारा यांची मांडणी मुद्देसूद आहे, परंतु ‘तारा काढू नयेत’ हा निष्कर्ष वेगाचा आकडा दिल्याशिवाय मांडता येत नाही. मी बरीच वर्षे कंपोझिटच्या (तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थाच्या) कार्यशाळेत काढली आहेत, त्यामुळे माझा ओढा कार्बनच्या स्पारकडे, म्हणजे पंखाच्या आतील मुख्य कण्याकडे, आहे हे मान्य करून आकडेच मांडतो.

१ मिलिमीटर जाडीची १० मीटर तार घ्या. तिचे समोरचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर आणि ड्रॅग गुणांक १.१ धरा. सेकंदाला ५ मीटर वेगाला तिचा खर्च १ वॅटहूनही कमी येतो. त्या वेगाला तारेवर वाद घालण्यात अर्थ नाही. आता गुंटर रोखेल्ट यांच्या ‘म्युस्क्युलेअर २’कडे पाहा. १९८५ मध्ये या विमानाने ताशी ४४ किलोमीटर वेगाचा टप्पा ओलांडला, म्हणजे सेकंदाला १२ मीटरहून थोडे अधिक. त्या वेगाला तीच तार जवळपास १२ वॅट खाते, कारण तिच्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. अशा चार तारा लावल्या की वैमानिकाच्या शक्तीचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. रोखेल्ट यांनी विस्तार २० मीटरच्या आत आणला, वजन २५ किलोच्या आसपास ठेवले आणि पृष्ठभाग गुळगुळीत राखला. मॅक्रेडी यांच्या वाटेने जाऊन हा वेग कधीच मिळाला नसता.

दुसरा मुद्दा नवख्यांच्या ध्यानात येत नाही. तार वजन वाचवते हे अर्धे खरे आहे. पंखाच्या अर्ध्या भागावर ५०० न्यूटन लिफ्ट आहे आणि त्यातील ४०० न्यूटन तार पेलते, असे समजा. तार आणि पंख यांच्यातील कोन १२ अंशांचा असेल, तर तारेत १,९०० न्यूटनहून अधिक ताण येतो आणि जवळपास तेवढाच दाब स्पारला लांबीच्या दिशेने सोसावा लागतो. १ मिलिमीटरची पियानो तार या ताणाला तुटण्याच्या सीमेवर पोहोचते, सुरक्षिततेला काहीच शिल्लक राहत नाही. पातळ भिंतीची नळी वाकून मोडण्याआधी तिची भिंत चुरगळते, आणि हा दाब तिला त्याच दिशेने ढकलतो. कोन २० अंशांवर नेला तर ताण सुमारे १,१७० न्यूटनवर उतरतो, पण त्यासाठी तारेचे खालचे टोक जिथे बांधतात तो खांब लांब करावा लागतो आणि त्याचे वजन व ड्रॅग पदरी पडतात. तारेची रचना म्हणजे हा कोन ठरवणे होय, आणि बहुतेक हौशी आराखड्यांत तो कोन कोणी मोजलेलाच नसतो.

सातवे_सत्र

आम्ही पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आहोत. आमच्या गटाने या विषयावर प्रकल्प घेतला आहे आणि या वर्षी पंखाचा एक भाग बांधून तपासण्याचा विचार आहे. आपल्या दोघांच्या हिशेबावरून विस्तार २८ ते ३० मीटर आणि वेग सेकंदाला ६ मीटरच्या आसपास ठरवावा असे वाटते. तरीही एअरफॉइलविषयी विचारतो, कारण आमच्या मार्गदर्शकांचा भर त्यावरच आहे. फिल्म लावल्यावर रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या) मधला आकार बिघडतो, त्याचे काय करावे? आणि पुण्याच्या उंचीचा काही फरक पडतो का?

रानवारा

उंचीचे आधी सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि २५ अंश तापमानाला तेथे हवेची घनता साधारण १.१ किलो प्रति घनमीटर भरते. परदेशातील आराखडे १.२ च्या पुढची घनता धरून केलेले असतात. लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे तेच विमान पुण्यात सुमारे ५ टक्के अधिक शक्ती मागेल. २०० वॅटच्या हिशेबात १० वॅट म्हणजे वैमानिकाच्या दृष्टीने फार मोठी रक्कम आहे. कोकणातील सपाट किनारा, पहाटेची थंड हवा आणि पडलेला वारा या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूने काम करतील. अर्थात माणूस बसवून उडवायचे झाले तर विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आधी पाहावे लागतील, पंखाच्या जमिनीवरील चाचणीला तो प्रश्न येत नाही.

आता एअरफॉइल. सेकंदाला ६ मीटर वेग आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक मीटर रुंदीचा पंख असला की रेनॉल्ड्स अंक (वेग आणि रुंदी यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) चार लाखांच्या आसपास येतो. या पट्ट्यात पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरचा शांत प्रवाह मध्येच सुटतो, खवळतो आणि पुन्हा चिकटतो. या दोन ठिकाणांमधल्या हवेच्या फुगवट्याची लांबी किती, यावर ड्रॅग ठरतो. गोसामर विमानांसाठी पीटर लिसमन यांनी, म्युस्क्युलेअरच्या वाटेसाठी फ्रान्झ क्सेवियर वोर्टमन यांनी आणि डेडलससाठी मार्क ड्रेला यांनी वेगवेगळे एअरफॉइल काढले. ड्रेला यांचे डीएई ११, २१ आणि ३१ हे पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत क्रमाने वापरायचे आहेत, कारण टोकाकडे रुंदी घटते आणि रेनॉल्ड्स अंकही घटतो. त्यांचाच ‘एक्सफॉइल’ हा प्रोग्राम आज कोणालाही विनामूल्य मिळतो. तुमच्या वेगाला हे तिन्ही निःशंकपणे घ्यावेत, नवा एअरफॉइल शोधण्यात सत्र घालवू नये.

खरी अडचण तुम्ही विचारलेलीच आहे. फिल्म उष्णतेने ताणली की ती दोन रिबांच्या मधून आत बसते आणि पंख जाडीला कमी होतो. पंखाच्या मागच्या कडेला ती कड आत ओढते, त्यामुळे वरून पाहिल्यास प्रत्येक दोन रिबांमध्ये कमान दिसते. मागील भागात हे बऱ्यापैकी चालून जाते. पुढच्या कडेपासून रुंदीच्या पहिल्या अर्ध्या भागात मात्र वरच्या बाजूला पातळ फोमचे पत्रे लावून आकार धरून ठेवावा, कारण प्रवाह कुठे सुटणार हे तिथेच ठरते. रिबांमधील अंतर कमी करण्यापेक्षा हा पत्रा लावणे वजनाला स्वस्त पडते. पत्र्याचा सांधा रिबवर न आणता दोन रिबांच्या मध्ये आणला तर तिथे उंचवटा येतो आणि बोटाने चाचपल्यावर तो सहज जाणवतो. हातमोजे न घालता पूर्ण पंखावरून हात फिरवून पाहावा, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे बोटांना कळतात.

घिरटी

मी कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे माझे लक्ष वळण्याकडे गेले. एवढ्या मोठ्या पंखाचे विमान वळताना काय होते, याचा विचार वरील चर्चेत अजून आलेला नाही. आठची फेरी इतकी वर्षे अडून राहिली, त्याचे एक कारण शक्तीचे होते आणि दुसरे वळणाचे.

वेग सेकंदाला ५ मीटर, विस्तार ३० मीटर आणि वळणाची त्रिज्या ६० मीटर घ्या. आतले टोक सेकंदाला ३.७५ मीटरने आणि बाहेरचे ६.२५ मीटरने चालते. लिफ्ट वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तेवढ्याच कोनात बाहेरच्या टोकाला आतल्या टोकाच्या पावणेतीनपट लिफ्ट मिळते. विमानाचा आवश्यक झुकाव मात्र अवघा अडीच अंशांचा आहे. नेहमीच्या विमानासारखी एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या झडपेने) आतली बाजू खाली केली की ती आणखी खाली जाते आणि पंख जमिनीला टेकतो. काँडरमध्ये पुढचा छोटा पंख तिरका करून वळण सुरू केले जाई आणि मुख्य पंखाला तारांनी पीळ देऊन आतल्या बाजूचा कोन वाढवला जाई. म्हणजे सवयीच्या नेमकी उलट क्रिया. आतल्या बाजूला लिफ्ट टिकून राही आणि तिथला वाढलेला ड्रॅग विमानाला वळणाकडे खेचत राही.

यातून तारांच्या बाजूचा एक मुद्दा निघतो. तारांनी धरलेला, पिळाला मऊ असा पंख असल्यामुळेच हा उपाय शक्य झाला. कार्बनच्या ताठ, पेटीसारख्या पंखात तो करता आला नसता.

कार्बनतंतू

घिरटी यांच्या मुद्द्यात भर घालतो. इतक्या हलक्या विमानात पंखासोबत हलणाऱ्या हवेचे वजनही हिशेबात धरावे लागते. पंख वर-खाली हलला की प्रत्येक मीटर लांबीमागे, पंखाची रुंदी ज्याचा व्यास आहे अशा हवेच्या दंडगोलाइतकी हवा त्याच्यासोबत हलते. डेडलसच्या पंखासाठी ही हवा सुमारे २६ किलो भरते, तर संपूर्ण रिकामे विमानच ३१ किलोचे. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ‘गोसामर अल्बाट्रॉस’ची सरासरी रुंदी दीड मीटर धरली तर ही हवा ६० किलोंहून अधिक, म्हणजे विमानाच्या जवळपास दुप्पट होते. त्यामुळे असे विमान आज्ञा दिल्यावर उशिरा झुकते आणि झुकू लागले की उशिरा थांबते. रेडिओ-नियंत्रित लहान मॉडेलवर वळण्याचे सगळे पाहून घेतले असे समजू नये. त्या मॉडेलची बांधणी त्याच्या आकाराच्या मानाने फारच जड असते, म्हणून हवेचा हा वाटा त्यात दिसतच नाही.

बिवाकाठ

नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. बिवा सरोवरावर १९७७ पासून बर्डमॅन रॅली ही मनुष्यबळावरील उड्डाणाची स्पर्धा भरते आणि तिच्यात विद्यापीठांचे गट प्रोपेलरची विमाने घेऊन उतरतात. तेथे उड्डाण सुमारे १० मीटर उंचीच्या मंचावरून होते, हे आराखडे पाहताना लक्षात ठेवावे. जमिनीवरून स्वतः उठावे लागत नाही, त्यामुळे चाक, धावपट्टीवरील जोर आणि उठतानाची जादा शक्ती यांचा विचार त्या विमानांत नसतो. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी जपानी आराखडा जसाच्या तसा घेतला तर तो धावपट्टीवर कमी पडेल.

माझा मुद्दा मुख्यतः प्रोपेलरविषयी आहे, कारण बारीकसा प्रोपेलर लावलेले आराखडे मी वारंवार पाहतो. २४ न्यूटन ओढ हवी असेल आणि वेग सेकंदाला ७ मीटर असेल, तर ३.४ मीटर व्यासाच्या प्रोपेलरची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता सुमारे ९८ टक्के येते. १.५ मीटर व्यासाला तीच सुमारे ९१ टक्क्यांवर उतरते. पात्यांचे घर्षण वगळूनच हा फरक आहे. २०० वॅटमध्ये सुमारे १४ वॅट अशा रीतीने केवळ व्यास कमी घेतल्याने जातात, आणि कार्बनतंतू यांच्या हिशेबाप्रमाणे तितक्यात सेकंदाला ५ मीटर वेगाच्या विमानातील सगळ्या तारांचा खर्च भागतो. तारा काढायच्या की नाहीत यावर भांडण्याआधी पात्याची लांबी वाढवावी.

सातवे_सत्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमिनीलगत उडण्याचा फायदा किती धरावा, हे कृपया सांगावे. तसेच आमच्या चाचणीच्या पंखासाठी तारेचा निर्णय नेमका कशावर घ्यावा?

रानवारा

जमिनीचा फायदा खरा आहे. ३० मीटर विस्ताराचा पंख पृष्ठभागापासून ३ मीटरवर असला तर इंड्यूस्ड ड्रॅग सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन यांनी अल्बाट्रॉस फोकस्टोनहून काप ग्री-ने येथे नेले तेव्हा ते पाण्यावरून सरासरी अवघ्या दीड मीटरवर होते आणि २ तास ४९ मिनिटे टिकले, त्यामागे हेही कारण होते. परंतु आराखडा करताना हा फायदा धरू नये. झुळूक आली, वैमानिकाला उंची वाढवावी लागली की तो तत्काळ नाहीसा होतो, आणि नेमकी त्याच वेळी जास्त शक्ती लागते.

झुळुकेची किंमत डेडलसच्या शेवटात दिसते. सांतोरिनीचा किनारा सुमारे ७ मीटरवर असताना वाऱ्याच्या झोताने शेपटीची नळी मोडली, पंख मोडला आणि विमान पाण्यात उतरले. वैमानिक पोहत काठावर आले. जवळपास चार तास निर्वेध चाललेल्या रचनेत कुठेही जादा बळकटी ठेवलेली नव्हती, आणि त्या अंतरासाठी तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. विद्यार्थ्यांच्या पहिल्या विमानासाठी तो मुळीच योग्य नाही.

तारेविषयी कार्बनतंतू यांच्या आकड्यांनी माझे विधान अधिक नेमके झाले. सेकंदाला ६ मीटरपर्यंत तारा ठेवाव्यात, ९ च्या पुढे काढाव्यात आणि मधल्या पट्ट्यात डेडलसप्रमाणे दर बाजूला एकच तार घ्यावी. तुमचा वेग पहिल्या पट्ट्यात बसतो. कोन १८ ते २० अंशांचा घ्या, तार दीड मिलिमीटरची घ्या आणि वरच्या बाजूची तार विसरू नका, कारण जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचा पंख स्वतःच्या वजनानेच खाली लोंबतो.

चाचणीसाठी पूर्ण विस्तार बांधू नका. एका बाजूचा अर्धा पंख, तारेसकट, उलटा बसवा आणि त्यावर वाळूच्या पिशव्या मुळाकडे अधिक व टोकाकडे कमी अशा वाटून ठेवा. उड्डाणातील भाराच्या दीडपट भार येईपर्यंत हळूहळू वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावर टोक किती खाली आले हे सगळेच मोजतात, तुम्ही टोकाचा पीळही मोजा: टोकाच्या रिबला आडवी पट्टी बांधून तिच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची नोंदवली की काम होते. पीळ दोन अंशांच्या पुढे गेला तर तारेचा जोड स्पारच्या किंचित पुढे किंवा मागे सरकवून पुन्हा मोजावे. भार सगळा उतरवल्यावर पट्टी मूळ उंचीवर परत आली नाही, तर स्पारची भिंत तारेच्या जोडापाशी दबली आहे असे समजून आधी तिथली फिल्म सोडवून पाहा.